आठ वाव वायर

मी माफ करणाऱ्यांतली नाही, हे आधीच सांगून टाकते. लोक म्हणतात, वय झालं की माणूस मऊ पडतो. माझी पन्नाशी उलटून चार वर्षं झाली, तसं काही झालेलं नाही. कुणी माझं वाईट केलं तर मी भांडत नाही, रडत नाही, डूख धरते. आणि धरलेला डूख नीट सांभाळते. अधूनमधून बघून घेते, जागेवर आहे ना.

त्यातला सगळ्यात मोठा सात वर्षं टिकला. तो एका होडीच्या वायरिंगवरून होता.

बोरीवली पश्चिमेला माझा छोटा गाळा आहे. मिक्सर, पंखे, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करते आणि घरांच्या फिटिंगची कामं घेते. हे सगळं मला बाबांनी शिकवलं. बाबा गिरणीत इलेक्ट्रिक खात्यात होते. गिरणी बंद पडली तेव्हा बरोबरच्यांनी गावचा रस्ता धरला, बाबांनी हा गाळा धरला. मी आयटीआय केलं तेव्हा वर्गात आम्ही दोनच मुली होतो. दुसरी लग्न करून गेली, मी राहिले.

बाबांचा एक चेला होता. आमच्याच गावचा, मालवणकडचा. मुंबईत आला तेव्हा राहायला जागा नव्हती म्हणून आमच्याकडेच राहिला, माझ्या आईच्या हातचं जेवला, आणि पाच वर्षं बाबांच्या मागे शिडी घेऊन फिरला. मला ताई म्हणायचा. बाबांचा त्याच्यावर जीव होता. मुलगा नव्हता त्यांना, त्यामुळे असेल. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, कारण हात माझाच जास्त चांगला होता आणि ते तिघांनाही माहीत होतं. पुढे त्याने स्वतःचा धंदा टाकला, दहिसरला घर घेतलं, तरी दर रविवारी बाबांना भेटायला यायचा.

आता होडीचं सांगते.

आमच्या सोसायटीच्या गेटवर एक कोळीण मासे विकायला बसते. गोराईची. तिची बर्फाची पेटी मी एकदा दुरुस्त करून दिली होती, तेव्हापासून तिचा माझ्यावर विश्वास बसला. एका पावसाळ्यात म्हणाली, आमच्या होडीचे दिवे नीट लागत नाहीत, पंप मधेच बंद पडतो, येऊन बघ. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या असतात, दुरुस्त्या तेव्हाच होतात. मी हत्यारांची पिशवी घेतली, जेट्टीवरून प्रवासी होडी पकडली आणि खाडीपलीकडे गेले.

तिचा नवरा होडीजवळ उभा होता. लांब हातांचा, ताडमाड माणूस. मी होडीच्या कडेला हात लावला तसा म्हणाला, "आमचे होरीवर बाई चरत नाय." त्यांच्या बोलण्यात होडीची होरी होते आणि चढण्याचं चरणं. त्यांच्या घरात असं पाळायचे की बाईने मासेमारीच्या होडीवर पाय ठेवला की मासळी तोंड फिरवते. दहा मिनिटांपूर्वी मी ज्या प्रवासी होडीतून आले तिच्यात पंधरा बायका होत्या आणि खाडीतली मासळी जागेवरच होती. पण मी वाद घातला नाही. मला काम हवं होतं, आणि होडीचं काम मी त्याआधी केलेलं नव्हतं.

मग आम्ही एक युक्ती काढली. तो होडीत, मी वाळूवर. तो आतून बॅटरीपासून डोलकाठीच्या दिव्यापर्यंत मोजून सांगणार, मी बाहेर वायर कापून, टोकांना टर्मिनल दाबून, सगळी माळ तयार करून देणार, आणि तो आत बसवणार. मोजायची टेप मी वर देऊ केली होती, पण त्याने हात झटकले. ही माणसं दोरी आणि जाळं वावेने मोजतात. दोन्ही हात पसरले की एक वाव. "आठ वाव," तो आतून ओरडला. मी वेटोळं सोडवलं, मोजलं, वर दीड फूट जास्त ठेवून कापलं. दिव्याला जाणारी एक, परत येणारी एक, अशा दोन वायरी; पंपही त्यांनाच जोडायचा होता. मध्ये एकही जोड ठेवला नाही. खाऱ्या हवेत पहिला जोड सडतो, हे बाबांनी मला लहानपणापासून घोकवलं होतं. बारीक तारांची, कथील चढवलेली चांगली वायर मी मुद्दाम लोहार चाळीच्या बाजारातून आणली होती. संध्याकाळ व्हायला आली तसा तो म्हणाला, उरलेलं मी उद्या बसवतो. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, दिवा झकास लागला. मी दुकानात पेढे वाटले.

पाच महिन्यांनी, पहाटे समुद्रात, त्या होडीत फळीमागून धूर निघाला. सगळे दिवे गेले, पंप थांबला. चार माणसं बादल्यांनी पाणी उपसत बसली, शेवटी दुसऱ्या एका होडीने त्यांना ओढून आणलं. कुणाला काही झालं नाही, पण होऊ शकलं असतं.

त्या दिवसांत बाबांच्या चेल्याचं गोराईतच एका बंगल्याचं काम चालू होतं. त्यालाच बोलावलं. त्याने फळी काढून बघितलं आणि तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बाईच्या हातचं काम. दुसरं काय होणार?"

हे वाक्य मला कोळणीने सांगितलं, गेटवर, सोसायटीच्या सहा-सात बायकांसमोर, हातात सुरमई धरून. त्या बायकांच्या घरांतले पंखे मीच लावलेले होते. महिन्याभरात ते वाक्य माझ्या आधी सगळीकडे पोचायला लागलं. खाडीपलीकडून बोलावणं बंद झालं. मग दोन सोसायट्यांनी फिटिंगचं काम काढून घेतलं आणि दिलं कुणाला, तर त्याला. ज्या घरचं खाल्लं त्याच घरचे वासे मोजणारी माणसं असतात हे ऐकून होते, पण इथे त्याने वासे उपटूनच नेले.

तरी हेही मी सोसलं असतं. जिव्हारी लागलं ते बाबांचं. त्या रात्री जेवताना त्यांनी ताटाकडे बघत विचारलं, "तू नीट बघितलं होतंस ना गं?" एवढंच. पण त्यांनी ते विचारलं. तीस वर्षं मी त्यांच्याबरोबर काम केलं, आणि त्याच्या एका वाक्यावर त्यांना माझा हात तपासावासा वाटला. मी ताट सरकवलं आणि सांगितलं की तो माणूस या घरात पुन्हा पाय ठेवणार नाही. आला तर मी निघून जाईन. पुढच्या रविवारी तो आला तेव्हा मी दार अर्धंच उघडलं, आणि त्याने मला काही विचारायच्या आत लावून घेतलं. आत बाबांना त्याचा आवाज ऐकू गेला होता. ते उठले नाहीत.

त्यानंतर दर दिवाळीला तो वॉचमनकडे मिठाईचा बॉक्स ठेवून जायचा. तो बॉक्स मी दर दिवाळीला वॉचमनलाच देऊन टाकायची. वॉचमन सात वर्षं खूश होता.

या वर्षी नारळी पौर्णिमेला दहा-बारा दिवस असताना कोळणीचा फोन आला. होडी रंगवून तयार होती, पूजा झाली की समुद्रात उतरायची होती, आणि दिवे पुन्हा पेटत-विझत होते. पंप तर चालूच होत नव्हता. "तो तीनदा येऊन गेला," ती म्हणाली. "दर टायमाला नवीन स्विच लावतो. तू येतेस का?"

मी लगेच हो म्हटलं नाही. हा फोन येईल म्हणून मी सात वर्षं थांबले होते, तर पाच मिनिटं तिनेही थांबायला हरकत नव्हती. मग मी दोन अटी घातल्या. पहिली, मी होडीवर चढणार. दुसरी, त्याला बोलवायचं, आणि मी काम करत असताना टॉर्च त्याने धरायचा.

पलीकडे ती नवऱ्याशी बोलली. बराच वेळ. मग फोनवर आली आणि म्हणाली, "ये गो. होरी बुरण्यापरीस बाई चरलेली बरी."

तो आला. का आला हे मला कळलं नाही. नाही म्हणाला असता तर गोराईतलं गिऱ्हाईक गेलं असतं, म्हणून असेल. केस पांढरे झाले होते, पोट सुटलं होतं. "ताई," म्हणाला. मी त्याच्या हातात टॉर्च दिला आणि शिडीवर पाय ठेवला.

वाळूवर माणसं होतीच. कुणी जाळं विणत होतं, कुणी दुसऱ्या होडीला रंग लावत होतं, कोळणीच्या दोन जावा सुपं घेऊन बसल्या होत्या. मी वर चढताना सगळ्यांनी एकदम कामं थांबवली. आत उतरले, मान वाकवून स्विचबोर्डसमोर बसले. बोर्डावर सात दसऱ्यांचं हळदकुंकू थरावर थर सुकलेलं होतं. मी बॅटरीवर मीटर लावला, साडेबारा. डोलकाठीच्या दिव्यापाशी लावला, आठ. म्हणजे साडेचार व्होल्ट वाटेत कुणीतरी खात होतं. हे तीन फेऱ्यांत त्याला कळू नये इतका तो अडाणी नव्हता. माझ्या बाबांनी शिकवलेला होता. त्याला कळलं होतं आणि त्याला ती फळी उघडायची नव्हती, हे मला तिथेच कळलं.

"ही काढ," मी पुढच्या बाजूच्या फळीकडे बोट दाखवलं.

"ताई, तिथे काही नाही. मी बघितलंय."

"मग काढायला काय जातंय?"

त्याने काढली. टॉर्च त्याने भलतीकडेच धरला. "नीट धर," मी म्हणाले. "बाईला दिसत नाही."

फळीमागे माझी वायर होती. सात वर्षांनीही तिचा रंग ओळखू येत होता. पण मी मध्ये जोड ठेवलाच नव्हता, आणि इथे जोड होते. जाणाऱ्या वायरीत चेल्याने नंतर बसवलेला जाड तुकडा होता, तो ठीक. परत येणाऱ्या वायरीत मात्र एक दुसराच बारीक तुकडा होता, स्पीकरला लावतात तसला. त्याच्या दोन्ही जोडांवर काळी टेप होती. टेपेचं शेवटचं टोक अर्धा इंच दुमडून ठेवलेलं होतं. ही बाबांची शिकवण. टेप पूर्ण चिकटवायची नाही, टोक दुमडायचं, म्हणजे पुढच्या माणसाला नखाने उकलता येतं. बोरीवली-दहिसरमध्ये असं दोनच माणसं करतात. एक मी. दुसरा टॉर्च धरून उभा होता.

मी नखाने टोक धरलं आणि टेप उकलली. खाली हिरवी भुकटी, सडलेल्या तारा. आणि त्या तारांवर गच्च गुंडाळलेला जाळ्याचा नायलॉन धागा, वर जाळं शिवताना मारतात तशी गाठ. असली गाठ कुठलाही वायरमन मारत नाही, मारू म्हटली तरी त्याला येत नाही.

मी ती बाहेर सगळ्यांना दिसेल अशी धरली. "ही गाठ कुणाची?"

जाळं विणणारा म्हातारा लांबूनच बघून मान हलवून हसला. त्याला गाठ कळली होती.

कोळणीचा नवरा खाली वाळूवर उभा होता. त्याने मान खाली घातली. "माझी," तो म्हणाला. "वायर कमी परली व्हती. घरात स्पीकरची वायर व्हती, ती दोनी वायरींत मधे बांदली."

"आणि मला फोनवर काय सांगितलंस?"

"मोजलेलं मीच व्हतं. मना लाज वाटली."

मग कोळणीने जे तोंड सोडलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. बारीक वायर तापली, पेटली, चार माणसं मरता मरता वाचली, आणि हा सात वर्षं शेजारी झोपून गप्प. पण माझं काम त्याच्याशी नव्हतं. मी वळले आणि चेल्याला विचारलं, "आणि ही टेप कुणाची?"

तो घाबरला की मालवणीवर येतो. "ताई, गिरायक नवा होता. त्याच्या तोंडार काय सांगूचा होता, तुझीच गाठ म्हणान?"

"म्हणून माझी म्हणालास."

"मी तुझा नाव नाय घेतलंय."

"नाव घेतलं असतंस तर बरं झालं असतं. बाई म्हणालास."

त्याने जळलेला तुकडा बदलला होता आणि न जळलेला तसाच ठेवला होता. त्याच्यावर टेप मारून गाठ झाकली होती. गिऱ्हाईकाची लाज राखली, स्वतःचा धंदा राखला, आणि दोन्हीची किंमत माझ्याकडून वसूल केली. मी त्याला म्हटलं, आता मोठ्याने सांग. सगळ्यांना ऐकू जाऊ दे, तेव्हा गेलं होतं तसं. त्याने आधी हळू सांगितलं. मी म्हटलं, अजून मोठ्याने, त्या रंगवाल्यांना ऐकू गेलं नाही. मग तो सगळ्यांच्या तोंडावर म्हणाला, ताईचं काम चांगलं होतं, तिच्या कामात खोट नव्हती, मी खोटं बोललो. त्याचा चेहरा लाल झाला होता. मी त्याला पुन्हा एकदा म्हणायला लावलं. गरज नव्हती, मला ऐकायचं होतं.

बरं वाटलं का, असं मला नंतर कुणीतरी विचारलं. बरं वाटलं म्हणजे काय? सात वर्षांत मला इतकं छान कधी वाटलं नव्हतं. मी तो साडेचार फुटांचा स्पीकरच्या वायरीचा तुकडा कापून काढला, टेपने मोजून दाखवला, आणि पिशवीत टाकला. कोळणीच्या जावांनी तिथल्या तिथे आपापल्या होड्यांची कामं सांगितली. कोळणीने चेल्याला सांगितलं, तू यापुढे येऊ नको. त्याने टॉर्च माझ्या पिशवीशेजारी ठेवला, आपली पिशवी उचलली आणि वाळूतून जेट्टीकडे चालायला लागला.

मी नवीन वायर टाकायला घेतली. दोन्ही पूर्ण लांबीच्या, मध्ये जोड नाही. मोजायची टेप पिशवीत तळाला गेली होती, आणि मी खुशीत होते. "आठ वाव ना?" मी विचारलं.

"आठ," कोळणीचा नवरा म्हणाला. आता तो वर येऊन माझ्याशेजारी बसला होता, मार खाल्ल्यासारखा.

मी वेटोळं सोडवलं, हात पसरले आणि म्हटलं, एक.

तो बघत होता. मग त्याने माझ्या हातातली वायर घेतली. "तुमचे वाव नाय," तो म्हणाला. "माझे वाव." आणि त्याने हात पसरले. माझी वाव जिथे संपली होती तिथून त्याचा हात अजून एक वीत पुढे गेला.

मी पाच फूटही नाही. वीत म्हणजे नऊ इंच. आठ वावांना आठ विती, म्हणजे सहा फूट. त्यातून मी वर ठेवलेलं दीड फूट गेलं की राहिलं साडेचार.

त्या दिवशी त्याने आठ वाव म्हटलं आणि मी वाळूवर उभी राहून माझे स्वतःचे हात पसरून मोजलं होतं. टेप माझ्या खिशात होती. पण या लोकांच्या मापाने मलाही मोजता येतं हे मला दाखवायचं होतं. होडीवर चढू देत नाहीत काय, बघा म्हणावं, वाव मलाही कळते. वायर कमी पडली कारण मी कमी कापली. त्याने जोड मारला तो माझ्या चुकीवर.

मी मान वर केली. त्याच्या लक्षात आलं होतं की नाही, त्याच्या तोंडावरून कळत नव्हतं. तो खाली बघून वायर मोजत होता, दोन, तीन. चेला अजून जेट्टीपर्यंत पोचला नव्हता. हाक मारली असती तर त्याला ऐकू गेली असती. मी हाक मारली नाही. "चार," मी म्हणाले, आणि वेटोळं त्याच्याकडे सरकवलं.

दिवे लागले, पंप चालला. मी पाचच्या होडीने परत आले.

बाबा आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. गुडघे गेलेत, त्यामुळे गॅलरीतल्या खुर्चीत बसून असतात, पण डोकं साफ आहे. मी चपला काढायच्या आत त्यांनी विचारलं, "तो आला होता?"

"आला होता."

"जाड झाला का? केस गेले?"

मला राग आला. सात वर्षांत त्यांनी त्याचं नाव काढलं नव्हतं, आणि आज मी जिंकून आले तर आधी त्याचे केस. मी त्यांना सगळं सांगितलं. गाठ, टेप, सगळ्यांसमोर त्याला बोलायला लावलं ते, पुन्हा बोलायला लावलं तेसुद्धा. पिशवीतून तो तुकडा काढून त्यांच्या हातात दिला. एका टोकाला थोडी टेप राहिली होती. त्यांनी दुमडलेल्या टोकावरून अंगठा फिरवला. "टोक ठेवलंय बघ," ते म्हणाले. "विसरला नाही."

"बाबा, तो खोटं बोलला. माझं काम चांगलं होतं."

"हो ना." ते तुकडा उलटापालटा करून बघत होते. मग त्यांनी तो हातभर ताणून धरला, आणि विचारलं, "पण वायर कमी का पडली?"

सगळ्या गोराईत हे कुणी विचारलं नव्हतं. कोळणीने नाही, तिच्या नवऱ्याने नाही, ज्याच्या गळ्याशी आलं होतं त्या चेल्यालाही सुचलं नाही. बाबांना सुचलं. मी त्यांच्याशी कधी खोटं बोललेली नाही, तेव्हाही बोलले नाही. सांगितलं, माझ्या वावेने मोजली.

ते हसतील असं मला वाटलं होतं. हसले नाहीत. "त्याला सांगितलंस?"

"नाही."

"का?"

"त्याने माझी गाठ नव्हती हे बघूनही माझं नाव घालवलं. वायर कमी का पडली हे त्याला तेव्हा माहीत नव्हतं. त्याचं खोटं ते खोटंच राहतं."

"राहतं," बाबा म्हणाले. "पण आज तू त्याच्याकडून म्हणून घेतलंस, तुझ्या कामात खोट नव्हती. ती होती. त्याला फोन कर. सांग, आणि घरी बोलव."

मी म्हणाले, "सात वर्षं मी गोराईबाहेर होते. सात वर्षं त्यालाही बाहेर राहू दे. मग सांगेन."

बाबांनी तो तुकडा गुंडाळला, लहान वेटोळं केलं आणि शर्टाच्या खिशात ठेवला.

"तुझ्याकडे असतील गं सात वर्षं," ते म्हणाले.

मी भात लावायला आत गेले. त्याला फोन मी अजून केलेला नाही.